जुन्या तुळया भट्टीत आणि जिवंत झाडाची गाठ दिवाणखान्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीच्या पानावर ‘रस्टिक’ म्हणजे ओबडधोबड घाटाच्या फर्निचरविषयी आलेला लेख वाचला. रेडवूडच्या जाड फळ्यांची मेजे, झाडाच्या खोडावरची फुगीर गाठ आडवी चिरून केलेले टीपॉय, साल तशीच ठेवलेली बाके यांची छायाचित्रे देखणी होती आणि अशा वस्तूंची हौस कोणाला असेल तर त्यात गैर काहीच नाही. मात्र हे लाकूड येते कोठून, ते कशा रीतीने मिळवलेले असते आणि आपल्या भागात त्याची मागणी वाढली तर काय होईल, याविषयी त्या लेखात अवाक्षर नव्हते. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पिढीजात सुतारकाम करतो आणि जुन्या घरांचे उतरवलेले लाकूड विकत घेऊन त्याचे फर्निचर करणे हा आता माझा मुख्य धंदा आहे, म्हणून हे पत्र. माझे म्हणणे असे की ओबडधोबड घाटाचे फर्निचर करायचेच तर ते उतरवलेल्या घरांच्या आणि आधीच पडलेल्या झाडांच्या लाकडातून व्हावे, उभ्या झाडाची गाठ त्यासाठी कापली जाऊ नये, आणि जुने लाकूड कारागिरापर्यंत सुखरूप पोहोचण्याची वाट सरकारने मोकळी करावी.

ज्या रेडवूडचे लेखात कौतुक होते ते झाड अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगनच्या दक्षिण टोकापासून मध्य कॅलिफोर्नियापर्यंतच्या समुद्राकाठच्या चिंचोळ्या, धुकट पट्ट्यात वाढते. जगातले सर्वांत उंच झाड याच जातीचे असून त्याची उंची सुमारे ११६ मीटर आहे, आणि या जातीची काही झाडे दोन हजार वर्षांपेक्षाही जुनी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तेथे सोने सापडल्यानंतर जी वस्ती वाढली, तिची घरे, पूल, रेल्वेचे स्लीपर, पाण्याच्या टाक्या आणि दारूची मोठाली पिंपे या लाकडातून उभी राहिली, आणि सुमारे २० लाख एकर असलेल्या मूळ जंगलापैकी आज जेमतेम पाच टक्के उरले आहे. म्हणूनच तेथील जाणते कारागीर मोडलेल्या गोठ्यांचे, टाक्यांचे आणि पिंपांचे रेडवूड शोधून वापरतात. जुन्या झाडाच्या या लाकडात वर्षवलये अतिशय दाट असतात, आणि गाभ्यातील टॅनिन नावाच्या तुरट द्रव्यामुळे व तत्सम द्रव्यांमुळे ते शंभर वर्षांनंतरही आतून निकोप निघते. खोडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागाला मात्र हा गुण नाही. शिवाय हे लाकूड वजनाला सागापेक्षा बरेच हलके आणि मऊ आहे; नखाचा दाब त्यावर उमटतो, आणि कडेजवळ मारलेला स्क्रू फार काळ घट्ट राहत नाही. युरोपातून येणारे जे लाकूड व्यापारात रेडवूड म्हणून विकले जाते ते वस्तुतः पाइन असते, त्याचा या झाडाशी संबंध नाही, हे गिऱ्हाइकाने पैसे मोजण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आता गाठीविषयी. फांदी जेथून फुटते तेथे फळीत दिसणारी गाठ वेगळी, आणि येथे जिच्याविषयी लिहितो आहे ती खोडावर किंवा बुंध्याशी आलेली फुगीर गाठ, जिला परदेशी व्यापारात बर्ल म्हणतात, ती वेगळी. बहुतेक झाडांत ती जखम, कीड किंवा बुरशी अशा कोणत्या तरी त्रासाला झाडाने दिलेले उत्तर असते. रेडवूडमध्ये मात्र ती झाडाच्या स्वभावातच आहे. उसाच्या कांडीवर जसा डोळा असतो तसे असंख्य सुप्त डोळे त्या गाठीत साठलेले असतात, आणि मूळ खोड पडले किंवा जळले तर त्यांतून नवे कोंब फुटून झाड पुन्हा उभे राहते. म्हणजे ती गाठ झाडाची पुढच्या पिढीची बेगमी असते. असे असूनही तिच्या चित्रविचित्र नक्षीसाठी कॅलिफोर्नियाच्या संरक्षित उद्यानांत रात्री यांत्रिक करवती घेऊन चोर शिरू लागले, शेकडो वर्षांच्या उभ्या झाडांच्या बुंध्यांचे लचके तोडू लागले, आणि २०१४ साली तिथल्या रेडवूड उद्यानातला न्यूटन बी. ड्रुरी हा निसर्गरम्य मार्ग रात्रीच्या वेळी वाहनांना बंद करण्याची पाळी तेथील प्रशासनावर आली. युनेस्कोने १९८० साली जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या जंगलाची ही कथा आहे.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. परंतु जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाटाच्या रस्त्याला, तसेच पलीकडे दांडेली-जोयड्याच्या बाजूला जी विश्रामगृहे आणि होमस्टे उभी राहत आहेत, त्यांच्या मालकांना नेमके असेच मेज आणि अशीच बाके हवी असतात. रेडवूड परवडत नाही, तेव्हा तसेच दिसणारे काही येथेच मिळेल का, अशी विचारणा माझ्याकडे वारंवार होते. बांधावरच्या आंब्याला, चिंचेला किंवा फणसाला आलेली मोठी गाठ दाखवून ‘एवढीच कापून द्या, झाड तर उभेच राहते’ असे सांगणारे दलालही आता हिंडू लागले आहेत. झाड उभे राहते हे खरे, पण किती दिवस, हा प्रश्न आहे. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही, झाड फक्त कडेने नवे लाकूड वाढवून ती झाकत आणते, आणि परातीएवढी जखम झाकायला कित्येक वर्षे लागतात. तोवर खानापूरच्या पश्चिम भागासारख्या ठिकाणी, जेथे पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, त्या उघड्या लाकडात बुरशी शिरते, बुंधा आतून पोकळ होतो, आणि एखाद्या वळवाच्या वाऱ्यात झाड कोसळले की लोक वाऱ्याला दोष देतात. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर वाळून पडलेले लाकूडही परवानगीवाचून उचलता येत नाही, मग उभ्या झाडाच्या गाठीची गोष्टच नको. खाजगी जमिनीतली अनेक जातींची झाडे तोडायलाही १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. मात्र झाड तुटले की ते चार जणांना दिसते, मागच्या बाजूची गाठ गेलेली कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि दलालांचे नेमके याच गोष्टीवर फावते.

गाठीचे लाकूड मिळवण्याचा सरळ मार्ग नाही असे नव्हे. परवानगीने तुटलेल्या, रस्तारुंदीकरणात गेलेल्या किंवा वादळात पडलेल्या झाडांचे गाठाळ बुंधे सॉमिलवाल्याला नको असतात, कारण त्यांतून सरळ फळी निघत नाही आणि पात्याची धार मात्र जाते. ते बहुधा जळणाच्या ढिगात टाकले जातात आणि तेथून रास्त भावाने मिळतात. दांडेलीसारख्या वनखात्याच्या आगारांत लिलावातून घेतलेल्या मालाला तर पावती आणि परवाना दोन्ही असतात. थोडी चिकाटी ठेवली तर कोणत्याही उभ्या झाडाला हात न लावता आमच्यासारख्या लहान कारखान्याला पुरेल इतके लाकूड सहज जमते, हे मी स्वतःच्या धंद्यावरून सांगतो.

या लाकडाचे काम मात्र धीराचे आहे, आणि ते ठाऊक नसल्यामुळेच निम्मा माल वाया जातो. साध्या फळीत रेषा एका दिशेने धावतात, त्यामुळे रंधा कोठून कोठे मारायचा हे सुताराला दिसते. गाठीत रेषेला दिशाच नसते. रंधा मारला की एका ठिकाणी लाकूड गुळगुळीत होते आणि दोन बोटांवर तेच उचकटून खड्डा पडतो. म्हणून रंध्याचे पाते अगदी बारीक काढून, फार धारदार ठेवून थोडे काम करावे आणि उरलेले पोलादी स्क्रेपरने व पॉलिश पेपरने पुरे करावे. वाळवणे त्याहून अवघड. ओले लाकूड चिरल्यावर लगेच उन्हात टाकले तर ते चहूबाजूंनी तडकते. त्याच्या सर्व कडांना मेण किंवा निदान जुना ऑइलपेंट लावून, सावलीत, हवा खेळती ठेवून, फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून ते रचावे. जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष हा जुना हिशेब घाई करणाऱ्याला पटत नाही, पण त्याला पर्याय म्हणजे यांत्रिक भट्टी, आणि ती आमच्या तालुक्यातल्या सामान्य सुताराच्या आवाक्यात नाही. आत दडलेली साल, पोकळी आणि कधीकधी किड्यांची घरे चिरल्यावरच कळतात, त्यामुळे गाठीचा भाव बाहेरून ठरवणे हा निम्मा जुगारच आहे.

आणखी एक गोष्ट नवे कारागीर विसरतात ती अशी, की गाठीच्या लाकडाला देखणेपण आहे, पण ताकद नाही. रेषा तुटक असल्यामुळे ते वाकवणाऱ्या भाराखाली अचानक मोडते. म्हणून त्याचा उपयोग मेजाचा वरचा पाट, देव्हाऱ्याच्या मागची फळी, खरादावर काढलेली वाटी किंवा ताट यांपुरता ठेवावा. पाय, आडव्या पट्ट्या आणि कुसू घालून करायचे सांधे यांना सरळ रेषेचे जुने सागवानच हवे. पाट चौकटीवर बसवताना तो चारी बाजूंनी चिकटवून टाकू नये. ऋतूप्रमाणे लाकूड फुगते आणि आकसते, तेव्हा स्क्रूची भोके थोडी लांबट ठेवून त्याला हलायला जागा द्यावी. टॅनिन भरपूर असलेल्या लाकडाला साधे लोखंड लावले आणि त्याला ओल लागली की काळेनिळे डाग पडतात. रेडवूडला हे होते, तसेच आपल्या बाभळीला आणि खैरालाही होते. सध्या फॅशन असलेले काळ्या सळईचे पाय लावण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे आणि स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी स्क्रू वापरावेत. फटी भरण्यासाठी पारदर्शक रेझिनचा मर्यादित वापर मला मान्य आहे. परंतु दोन फळ्यांच्या मध्ये निळ्या रेझिनची वितभर रुंद ‘नदी’ ओतून त्याला निसर्गसान्निध्य म्हणणे मला जमत नाही, आणि उन्हात ते रेझिन पिवळे पडते हे विकणारा सांगत नाही. असो, आवड ज्याची त्याची.

या पत्राचा खरा विषय आता येतो. निपाणी, संकेश्वर, चिकोडी, खानापूर या गावांतले आणि खुद्द बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतले वाडे व कौलारू घरे आज एकामागून एक उतरवली जात आहेत. वाटण्या झाल्या, मुले पुण्या-बेंगळुरूला गेली, छपराची डागडुजी परवडत नाही. कारणे खरी आहेत आणि स्लॅबचे घर बांधणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. पण त्या घरांतून जे निघते त्याचे मोल घरमालकाला कोणी सांगत नाही. सागाच्या तुळया, शिसवीचे खांब, किंजळ आणि मत्तीचे वासे, कडीपाटाच्या फळ्या, वीतभर जाडीचे उंबरठे, गणेशपट्टीच्या चौकटी, हे सारे घर पाडण्याचा ठेका घेणारा एकगठ्ठा उचलतो. कोरीव चौकटी आणि खांब पुण्या-मुंबईच्या किंवा गोव्याच्या व्यापाऱ्याकडे चढ्या भावाने जातात, आणि उरलेले, ज्यात उत्तम दर्जाचे सागवान भरपूर असते, ते टनाच्या भावाने वीटभट्टीत जळते. ज्या झाडांना ती जाडी यायला शंभर-शंभर वर्षे लागली, तसे सागवान आज बाजारात पैसे टाकूनही सहसा मिळत नाही. लागवडीचे कोवळे साग पंचवीस-तीस वर्षांत तुटते आणि त्यात पांढऱ्या भागाचे प्रमाण मोठे असते.

असे लाकूड घेताना प्रथम भिंतीत गाडलेली टोके तपासावीत, कारण वाळवी आणि ओल तेथून सुरू होते. टोक फूटभर कापून टाकले तर उरलेली तुळई बहुधा खणखणीत असते. पटाशीच्या दांड्याने ठोकत गेले की पोकळ भागाचा आवाज वेगळा येतो. पांढऱ्या भागात बारीक भोके आणि पिठासारखा भुसा दिसला तर कीड अजून जिवंत आहे असे समजून तो भाग तासून काढावा, गाभ्याला ती सहसा लागत नाही. मग खिळे. जुन्या घरांत लोहाराने घडवलेले चौकोनी खिळे असतात, त्यांची डोकी गंजून तुटलेली आणि धड आत राहिलेले असते. चुंबक किंवा धातुशोधक यंत्र फिरवल्याशिवाय लाकूड करवतीखाली घातले तर पाते तर जातेच, पण उडालेला तुकडा डोळाही घेऊन जाऊ शकतो. चुन्याचा थर आणि भिंतीची माती तारेच्या ब्रशने आधी झाडून घ्यावी, कारण त्यातल्या वाळूने रंध्याची धार क्षणात बसते. आणि रंगाविषयी एक इशारा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत, मर्यादित करणारा केंद्राचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यापूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी. असा रंग कोरडा घासू नये आणि फ्लेमगनने जाळू तर मुळीच नये, तो रसायनाने किंवा ओला करून खरवडावा, तोंडाला चांगला मास्क लावावा आणि लहान मुलांना त्या जागी फिरकू देऊ नये. रंगवलेले हेच लाकूड चुलीत घालणारी घरे मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे जुन्या पृष्ठभागावर गोंद नीट धरत नाही. ज्या दिवशी रंधा मारला त्याच दिवशी, ताज्या पृष्ठभागावर, सांधा चिकटवावा. आणि आपल्या जिल्ह्याचे हवामान ध्यानात ठेवावे: कणकुंबीला पावसाचा कहर आणि अथणी-रायबागला कोरडी हवा, असे दोन टोकांचे प्रदेश एकाच जिल्ह्यात आहेत. खानापुरात आषाढात केलेले कपाट अथणीला गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात त्याचे सांधे उघडतात आणि गिऱ्हाईक सुताराला शिव्या घालते. लाकडातला ओलावा दहा-बारा टक्क्यांपर्यंत उतरला आहे की नाही हे पाहण्याचे छोटे यंत्र आता फार महाग राहिलेले नाही, ते प्रत्येक कारखान्यात असावे.

हे सर्व करायला कारागीर तयार आहेत आणि गिऱ्हाईकही आहे. अडते ते वाहतुकीत. १९६३ च्या कर्नाटक वन कायद्याखाली लाकडाच्या वाहतुकीवर नियंत्रण आहे, आणि ते असायलाच हवे. पण टेम्पोत भरलेली तुळई जुन्या घरातली आहे की काल जंगलातून आली, हे नाक्यावरच्या कर्मचाऱ्याला कागदावाचून कसे कळावे? मग गाडी दिवसभर थांबते, आणि पुढच्या वेळी घरमालक म्हणतो की नको ती कटकट, भट्टीवाला दारात येऊन घेऊन जातो. चंदगड किंवा गडहिंग्लजकडचे घर उतरवले तर शिनोळीच्या पुढे राज्य बदलते आणि अडचण दुप्पट होते. सीमाप्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागो, तोवर तुळईने तरी अडकून पडू नये.

यावर उपाय अवघड नाही. जुने लाकूड स्वतःच आपली साक्ष देते: त्यावर कुसवाच्या खाचा असतात, खिळ्यांच्या भोकांभोवती काळे वर्तुळ असते, वाकसाने तासल्याच्या खुणा, चुना आणि चुलीची काजळी असते, आणि यांपैकी काहीही एका रात्रीत बनावट करता येत नाही. घर उतरवण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याने (पीडीओ) किंवा शहरात महापालिकेच्या अभियंत्याने उभ्या घराची छायाचित्रे, घराचा उतारा आणि प्रत्येक नगाचे घनफुटातले माप यांची एक यादी करावी, वनपरिक्षेत्र कार्यालयाने ठरावीक मुदतीत तिच्यावर शिक्का द्यावा, आणि ती यादी लाकडाबरोबर कारखान्यापर्यंत जावी. हा अर्ज कन्नडबरोबर मराठीतही मिळाला तर सीमाभागातल्या वृद्ध घरमालकांना दलालाच्या दारी जावे लागणार नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये देशभरासाठी लाकूड वाहतुकीची ऑनलाइन परवाना प्रणाली सुरू केलीच आहे. दोन राज्यांतल्या व्यवहारासाठी घरातून उतरवलेल्या लाकडाची नोंद तिच्यातच सुलभ करून द्यावी. याउलट, गाठीचे किंवा साल ठेवलेले लाकूड वापरणाऱ्या हॉटेल आणि विश्रामगृहांकडे त्या मालाच्या खरेदीची पावती मागण्याचा अधिकार वनखात्याने जरूर वापरावा. ज्याने आगारातून किंवा उतरवलेल्या घरातून माल घेतला आहे त्याला ती दाखवायला अडचण नाही.

आमच्याकडे घरे उतरवण्याचे काम पावसाआधी, चैत्र-वैशाखात होते आणि मृगापर्यंत बहुतेक लाकूड इकडचे तिकडे झालेले असते. जिल्हाधिकारी आणि उपवनसंरक्षक यांनी फाल्गुनाच्या आत या यादीचा नमुना ठरवून ग्रामपंचायतींना पाठवला, तर येत्या हंगामातल्या घरांना त्याचा उपयोग होईल. आपल्या दैनिकाने हा विषय त्यांच्यापर्यंत पोहोचवावा, ही विनंती.

आपला,
एक सुतार वाचक,
खानापूर, जि. बेळगाव